कॉनराड हिल्टन यांचा हिशेब

पुणे, रविवार, रात्र

सध्या हिल्टन या हॉटेलांच्या साखळीचे अमेरिकन संस्थापक कॉनराड हिल्टन यांच्याविषयी वाचतो आहे. न्यू मेक्सिकोतील एका खेड्यात १८८७ साली जन्मलेले हे गृहस्थ १९१९ मध्ये टेक्सासमधील सिस्को गावी गेले, ते बँक विकत घेण्यासाठी. विकणाऱ्याने ऐनवेळी किंमत ७५,००० डॉलरवरून ८०,००० केली, तेव्हा चिडून ते मुक्कामासाठी मोब्ली नावाच्या हॉटेलात शिरले, तर तिथे खोल्यांसाठी झुंबड उडालेली. परिसरात तेल सापडल्यामुळे गर्दी एवढी होती की एकच खोली दर आठ तासांनी नव्या गिऱ्हाइकाला दिली जाई. हिल्टन यांनी भागीदार जमवले आणि ४०,००० डॉलरना ते हॉटेलच घेऊन टाकले.

आमच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना कॉट बेसिसवर खोल्या देणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. आम्हीही देतो, आणि चौथी कॉट बसवावी की नाही यावरून घरात दरवर्षी वाद होतो. (बसवू नये, असे माझे मत आहे, ते अजून टिकून आहे.) हिल्टन यांनी मात्र जेवणाची खोली काढून तिथेही खाटा टाकल्या, आणि पुढे न्यूयॉर्कचे वॉल्डॉर्फ अस्टोरिया हे हॉटेल १९४९ मध्ये हाती आल्यावर तिथल्या शोभेच्या खांबांत काचेची कपाटे बसवून ती अत्तर आणि दागिन्यांच्या व्यापाऱ्यांना भाड्याने दिली. त्याआधीच्या महामंदीत त्यांची अनेक हॉटेले गेली होती, हे लक्षात घेतले तर या काटेकोरपणाला हावरेपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

मला विचार करायला लावले ते मृत्युपत्राने. दानासाठीचा न्यास त्यांनी १९४४ मध्येच, म्हणजे ऐन विस्ताराच्या काळात स्थापन केला होता, त्यामुळे उतारवयातील पश्चात्तापाचे दान म्हणून त्याकडे पाहता येत नाही. १९७९ मध्ये ते गेले, तेव्हा संपत्तीचा फार मोठा भाग त्या न्यासाला ठेवलेला होता. मुलगा बॅरन याने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि १९८८ मध्ये तडजोड होऊन हिल्टन कंपनीच्या शेअर्सचा मोठा वाटा मिळवला. त्याच बॅरनने २००७ मध्ये आपली ९७ टक्के संपत्ती वडिलांच्या न्यासाला देण्याचे जाहीर केले. वारसाहक्कावरून पेठेतले वाडे वर्षानुवर्षे अडकून पडलेले मी पाहिले आहेत, पण भांडून मिळवलेले परत देणारा वारस मात्र पाहिलेला नाही.

याच न्यासाचा १५ लाख डॉलरचा पुरस्कार २०१० मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेला मिळाला. डॉ. व्यंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अवघ्या ११ खाटांवर सुरू केलेल्या या संस्थेत एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर पुढच्याची तयारी होते, म्हणजे शल्यविशारदाचा वेळ वाया जात नाही. आणि पैसे भरणाऱ्यांच्या उत्पन्नातून गरिबांचे मोतीबिंदू मोफत किंवा अगदी अल्प खर्चात काढले जातात.