टॉमकॅटचा कनेक्शन पूल: आकडा युजर मोजून नाही काढायचा

कोल्हापूरकडं गळीत हंगाम सुरू झाला की ऊस बिलाच्या ॲपवर शेतकरी तुटून पडतात, बिल जमा व्हायच्या दिवशी तर सकाळपासनंच, आणि मग मीटिंगमध्ये टॉमकॅटच्या (जावा ॲप चालवणारा सर्व्हर) कनेक्शन पूलबद्दल, म्हणजे डेटाबेसशी आधीच उघडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याबद्दल, कोणतरी म्हणतंच, ‘युजर वाढलेत, पूल ५०० करून टाका की.’ नका करू!

नवीन कनेक्शन उघडायचं म्हणजे नेटवर्कची जोडणी, लॉगिन, सेशन तयार करणं असं सगळं आलं, म्हणून पूल ती उघडूनच ठेवतो, हे बरोबर. पण उघडी कनेक्शनं फुकट नसतात, पोस्टग्रेस (एक डेटाबेस) तर प्रत्येकाला वेगळी प्रोसेस देतं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची मुळातली मर्यादा १५१ कनेक्शनांची आणि पोस्टग्रेसची १००, मग दोन टॉमकॅट आणि प्रत्येकी १०० चा पूल असं केलं की गर्दीत डेटाबेस दार लावून घेणारच.

हिशोब डेटाबेसकडनं करायचा. एक क्वेरी २० मिलीसेकंदात होत असेल तर एक कनेक्शन सेकंदाला ५० क्वेरी काढतं, दहा कनेक्शनं ५००. तालुक्याच्या गर्दीला एवढं लई झालं. हिकारी या जावाच्या दुसऱ्या पूल लायब्ररीवाल्यांनी दिलेलं सूत्र पण तसंच आहे, डेटाबेस सर्व्हरचे सीपीयू कोर गुणिले दोन अधिक डिस्क, म्हणजे चार कोर आणि एक डिस्क असली तर ९. तिथनं सुरू करा, लोड टाकून बघा, मग हलवा. क्वेरीच दोन सेकंद घेत असेल तर आधी टेबलचा इंडेक्स (लवकर शोधायची सूची) बघा, पूल वाढवून ती पळायची नाही.

लावायचं काम सोपं आहे. टॉमकॅटच पूल बनवणार असेल तर डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हरची जार फाइल टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये जाते, ॲपच्या वॉर फाइलच्या आत नाही, कॉन्टेक्स्ट डॉट एक्सएमएलमध्ये पूलचा रिसोर्स टॅग आणि कोडमध्ये जेएनडीआय लुकअप (पूल नावानं शोधून घेणं), झालं. पण जुन्या प्रोजेक्टमधनं कॉपी मारताना जपा, टॉमकॅट ८ पासनं मॅक्सॲक्टिव्हचं (जास्तीत जास्त किती कनेक्शनं) मॅक्सटोटल झालंय आणि मॅक्सवेटचं (कनेक्शनसाठी किती मिलीसेकंद थांबायचं) मॅक्सवेटमिलिस. जुनं नाव दिलं तर लॉगमध्ये नुसती वॉर्निंग येते, ॲप चालू राहतं, आणि पूल मात्र मुळातल्या ८ वरच बसतो.

मॅक्सवेटमिलिस तर द्यायचंच, कारण मुळात ते उणे १ असतं, म्हणजे कनेक्शन मिळेपर्यंत थांबून राहा. पूल संपला की टॉमकॅटचे मुळातले २०० थ्रेड (चालू असलेल्या प्रत्येक रिक्वेस्टला एक) एकामागनं एक अडकत जातात, स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय आणि लॉगमध्ये एक ओळ नाही, गावाकडनं फोनवर फोन. मी ५००० देतो. पाच सेकंदात एरर आली तर निदान दुखतंय कुठं ते कळतं.

आणि पूल सारखाच संपत असेल तर बहुतेक वेळा कोडमध्ये कनेक्शन क्लोज करायचं राहिलेलं असतं. जावा ७ पासनं ट्राय विथ रिसोर्सेस (काम झालं की कनेक्शन आपोआप बंद करणारी मांडणी) आहे, तेच वापरा, आणि लॉगॲबँडंड चालू करा, जोडीला रिमूव्हॲबँडंडऑनबॉरो (परत न आलेलं कनेक्शन पूलनं काढून घेणं) पण लावा, मग कनेक्शन घेऊन परत न देणाऱ्या कोडचा स्टॅक ट्रेस (कोडमधली नेमकी जागा) मिळतो. फक्त काढून घ्यायची मुदत मुळात ३०० सेकंदांची असते, हंगामअखेरचा मोठा रिपोर्ट मधेच तुटू शकतो. रिपोर्टला दोन कनेक्शनांचा वेगळा पूल द्या, शेतकऱ्यांच्या रांगेत तो नकोच.