स्नेहमिलन, खर्च निरंक

पाटबंधारे विभागातील लिपिक म्हणून माझा संबंध एरवी पाणीपट्टीच्या थकबाकीशी येतो; परंतु २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत माझी नेमणूक व्हिडिओ सर्वेक्षण पथकावर झाली आणि अर्धा नोव्हेंबर मी लोकांच्या खुर्च्या मोजण्यात घालवला. कॅमेरा सुरू होताच कार्यक्रमाचा प्रकार, तारीख, ठिकाण, पक्ष आणि उमेदवार यांची नावे मोठ्याने सांगायची, मग व्यासपीठ, फलक, खुर्च्या आणि गाड्या नंबरसकट टिपायच्या, एवढेच आमचे काम. पैशांचा हिशेब पुढे चित्रफीत पाहून होतो. मंडपापासून चहाच्या कपापर्यंत सर्वांचे भाव ठरवून दिलेली जिल्ह्याची दरसूची असते, तिच्याप्रमाणे रक्कम काढून ती शॅडो रजिस्टरला, म्हणजे उमेदवाराच्या हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी निवडणूक यंत्रणेने ठेवलेल्या नोंदवहीला, चढवली जाते आणि उमेदवाराच्या ४० लाखांच्या खर्चमर्यादेत धरली जाते.

१० नोव्हेंबरच्या रविवारी एका मित्रमंडळाचे दिवाळी स्नेहमिलन होते आणि तेथे एक उमेदवार येणार असल्याचे आम्हाला कळले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा अध्यक्षांनी नमस्कार करून आधीच सांगून टाकले, "साहेब, हे राजकीय नाही. फराळ दरवर्षीच असतो, वर्गणीतून. ते पाहुणे म्हणून येतील, खाली बसतील, चार घास खाऊन जातील." त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंपरेने चालत आलेल्या सामुदायिक भोजनाला उमेदवार साधा पाहुणा म्हणून गेला, तर तो खर्च त्याच्या नावे धरत नाहीत. फलकावरही केवळ शुभेच्छा होत्या, उमेदवाराचे छायाचित्र नव्हते. तरीही चित्रीकरण करणे भाग होते. मी २४० खुर्च्या मोजल्या, चकली-चिवड्याच्या द्रोणांच्या चळती टिपून घेतल्या, आणि माझा कॅमेरामन, जो एरवी लग्नांचे चित्रीकरण करतो, सवयीने वाढणाऱ्यांचे चेहरे जवळून घेऊ लागला तेव्हा त्याला गाड्यांकडे पिटाळले.

उमेदवार आले आणि ठरल्याप्रमाणे तिसऱ्या रांगेत बसले. त्यांचा हिशेब ठेवणारा तरुण मागेच, पिशवीत नोंदवही घेऊन. पाऊण तास सारे सुरळीत चालले, बासरीवादनही झाले, आणि मला वाटू लागले की आजचा अहवाल चार ओळींत आटोपेल. एवढ्यात पुढे बसलेल्या एका आजींनी मागे वळून विचारले, "नळाला चौथ्या दिवशी पाणी येतंय. निवडून आलास तर बघशील का?" ते जागेवरूनच उत्तर देऊ लागले, पण मागून आरडाओरडा झाला, "ऐकू येत नाही, वर जाऊन बोला!" हिशेबाच्या तरुणाने त्यांची बाही धरली. "दादा, वर नको," हे त्याचे शब्द आमच्या चित्रफितीत स्पष्ट आहेत. दादांनी बाही सोडवून घेतली, पायऱ्या चढून माइक हातात घेतला, पाण्याबद्दल दोन मिनिटे आणि यंत्रावरील आपल्या क्रमांकाबद्दल पाच मिनिटे बोलले. त्या पाच मिनिटांच्या प्रचाराने सगळा मंडप, दिवे आणि फराळ त्यांच्या खात्याच्या वाटेला लागला. तरुण कपाळाला हात लावून बसला होता. मला त्याची दया आली. त्या मंडपात नियम वाचून आलेला माझ्याखेरीज तोच एक होता.

पुढच्या खर्च तपासणीला मला चित्रफितीसह बोलावले होते. उमेदवाराच्या नोंदवहीत त्या दिवसापुढे "स्नेहमिलनास सदिच्छा भेट, खर्च निरंक" असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. चित्रफीत लावली, बाही सोडवण्याचा क्षण आला, आणि तरुणाने वाद न घालता नोंद दुरुस्त करून सही केली. फक्त खुर्च्यांबाबत तो अडला. त्याच्या मते त्या २२० होत्या, कारण कडेला एकावर एक रचलेल्या २० खुर्च्या उघडल्याच नव्हत्या. आम्ही पुन्हा फीत पाहिली. त्याचे खरे निघाले, आणि मी माझ्या अहवालातील आकडा खोडून बाजूला सही केली.