पिवळा दिवा डावीकडचा, रोग उजवीकडचा

ओडोमीटर ६८,४१२. पसरणी घाट उतरून वाईत शिरता शिरता डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. वर्तुळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक कंस, म्हणजे ब्रेकचे पॅड संपत आलेत. उद्गारचिन्हवाला लाल दिवा असता तर गाडी तिथेच बाजूला घेतली असती. पिवळ्यावर पुण्यापर्यंत सावकाश आलो. ब्रेक व्यवस्थित लागत होते, आवाज काही नव्हता. पण पुढचे पॅड बदलून जेमतेम १९ हजार किलोमीटर झाले होते. इतक्यात संपतील कसे?

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्येच जॅक लावला. माझ्या या जुन्या जर्मन सेडानला अख्ख्या गाडीत मिळून एकच सेन्सर आहे, पुढच्या डाव्या चाकात, आतल्या पॅडमध्ये. चाक काढून पॅड मोजला तर ७ मिमी शिल्लक! नवा साधारण ११-१२ चा असतो आणि ३ च्या आसपास बदलायचा असतो. म्हणजे अजून निम्माही घासला नव्हता.

मग दिवा का लागला? या सेन्सरमध्ये अक्कल अशी काही नसते. पॅडमध्ये ठरावीक खोलीवर बारीक वायरचा वेढा पुरलेला असतो. पॅड तिथवर घासला की चाकासोबत फिरणारी डिस्क ती वायर कापते, सर्किट तुटतं, दिवा लागतो. कनेक्टर सोडवून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावला, बीप नाही, म्हणजे सर्किट कुठेतरी तुटलेलं. सेन्सरचं टोक तर धडधाकट होतं. वायर बोटांनी चाचपत मागे गेलो तेव्हा सापडलं: वायर धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप गायब, आणि लोंबलेली वायर रिमच्या आतल्या बाजूला घासून घासून तुटलेली. मागच्या वेळी पॅड बदलणाऱ्याने क्लिप परत लावलीच नव्हती.

मर्सिडीजच्या बऱ्याच जुन्या मॉडेलांत उलटा प्रकार असतो. तिथे एकच वायर, ती डिस्कला टेकून अर्थ झाली, म्हणजे सर्किट जुळलं, की दिवा लागतो. त्यात वायर मध्येच तुटली तर दिवा कधीच लागणार नाही. त्यापेक्षा माझा खोटं बोलणारा दिवा परवडला. (दोन्ही टोकं पिळून टेप मारली की दिवा विझतो, हा जुगाड मला दोघांनी सुचवला. पिळलेल्या वायरला पॅड कधी संपले ते कळणारच नाही.)

इथे थांबून फक्त सेन्सर मागवणार होतो. पण जॅक बाहेर काढलाच आहे तर उजवं चाकही बघू म्हटलं.

उजवीकडे बाहेरचा पॅड ६ मिमी. आतला जेमतेम २. रिमच्या फटीतून डोकावलं तर दिसतो तो बाहेरचाच, त्यामुळे गाडी धुताना दर वेळी सगळं छान दिसायचं. कॅलिपर, म्हणजे दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, हाताने हलवून पाहिला, ढिम्म हलेना. तो ज्यावर सरकतो त्या खालच्या स्लायडर पिनचं रबरी बूट फाटलेलं, आत पावसाचं पाणी गेलेलं. पिन पकडीने पिळून पिळून काढली तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा तांबूस गंज सोबत बाहेर आला. पिन जाम, म्हणून कॅलिपर सरकत नव्हता; पेडल दाबलं की पॅड ढकलणारा पिस्टन आतल्याच पॅडला रेटत होता आणि सगळा भार त्याच्यावर पडत होता.

ब्रेक फ्लुइडवरूनही सुगावा लागायला हवा होता. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि टाकीतली पातळी तेवढी उतरते. माझी पातळी मात्र थेट मॅक्सवर होती, कारण दर सर्व्हिसिंगला कोणीतरी टॉप-अप करून ‘गाडी ओके’ लिहीत होतं. पिस्टन मागे दाबण्याआधी सिरिंजने थोडं फ्लुइड काढून घेतलं, नाहीतर ते उतू जाऊन रंग खाल्ला असता.

उरलेलं काम तसं सरळ. दोन्ही चाकांना नवे पॅड, नवा सेन्सर, नवी क्लिप. पिन बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या, बूट नवे टाकले, ग्रीस सिलिकॉनचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. डिस्कवर किमान जाडी २२ मिमी कोरलेली आहे, उजवी २३.४ भरली, ती राहू दिली. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळले आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत बसलो. हे विसरलात तर पहिला ब्रेक थेट तळाला जातो.

इग्निशन ऑन केलं, दिवा आपोआप गेला. बीएमडब्ल्यूवाल्यांना रीसेटही मारावा लागतो, त्यांच्या गाडीत किलोमीटरचा हिशेब चालू असतो. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत दहा वेळा, पूर्ण न थांबता आणि मध्ये थंड होऊ देत, नवे पॅड डिस्कवर नीट बसवून घेतले.

मागची दोन्ही चाकं राहिलीत. तिथे सेन्सर नाहीच, शिवाय हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक. पिस्टन क्लॅम्पने रेटला तर हँडब्रेकची मोटर बिघडेल, त्यामुळे आधी गाडीला स्कॅनर जोडून हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकायला लागेल. स्कॅनर मित्राकडे आहे, तो शनिवारी येतोय. तोवर घाट बंद.