चाव्या आणि एक वही

शाळा उघडून तिसराच दिवस. 2019चा जून. परिपाठ संपला आणि आमचे गणिताचे सर प्रयोगशाळेच्या कपाटाच्या चाव्या घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. राजीनामा मार्चमध्येच दिला होता. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते तीन महिने मी आशेवर काढले. सरकारी अनुदानाचा पुढचा टप्पा जाहीर होईल, सर थांबतील, असं मला खरंच वाटत होतं.

सर 2009मध्ये आले तेव्हा शाळा 'कायम विनाअनुदानित' होती, म्हणजे सरकारी अनुदान कधीच न मिळणारी. जुलैमध्ये सरकारनं त्यातला 'कायम' शब्द काढला, तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पगाराच्या वीस टक्के अनुदानाचा पहिला टप्पा मिळायला 2016 उजाडलं! मधली सात वर्षं संस्था देईल त्यावर आणि संध्याकाळच्या शिकवण्यांवर सरांनी घर चालवलं. त्यानंतरही वीस टक्क्यांवरच अडकलो. माझ्या घरी मिस्टरांचा पूर्ण पगार येतो, म्हणून मी तग धरला. आणि दहा वर्षं "थोडं थांबा सर" म्हणत होते मी.

"मॅडम, मुलगी पाचवीत गेली," ते म्हणाले. "लातूरचे क्लासवाले एक तारखेला पगार देतात."

रक्कम त्यांनी सांगितली नाही, मीही विचारली नाही. एक तारीख पुरेशी होती.

चाव्यांखाली शंभर पानी वही होती. दहावीच्या त्रेचाळीस मुलांची नावं, प्रत्येकापुढे एक-दोन ओळी. 'प्रमेय पाठ आहे, आकृती जमत नाही.' 'सोमवारी आईबरोबर बाजारात बसते, मंगळवारी मधल्या सुट्टीत करून घेणे.' 'अपूर्णांक आले की हात थांबतो. वहीवर घाबरतो, फरशीवर खडूनं जमतं.' जायचं ठरल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत बसून लिहिलेलं हे सगळं. शिक्षकांना शिकवण्याची आवडच राहिली नाही, असं कुणी म्हणालं की मला ती वही आठवते आणि संताप येतो.

त्यांच्या जागी माणूस मिळवायचा तर आधी संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून पदांची मंजुरी, मग बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणाचा तक्ता, आणि मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. तोवर दहावी थांबणार नव्हती.

तिसऱ्या तासाची घंटा झाली. मी मराठीची शिक्षिका. तरी वही घेऊन वर्गावर गेले, अपूर्णांकवाल्या मुलाला पुढे बोलावलं, फरशीवर बसवलं आणि खडू त्याच्या हातात दिला.