धूळ नेमकी कितव्या मजल्यावर?

जानेवारीत केप व्हर्देतल्या मिंदेलो शहराच्या खाडीपलीकडचा मोंते कारा डोंगर दिसेनासा झाला की इथली माणसं एवढंच म्हणतात, ‘ब्रूमा सेका’, म्हणजे कोरडं धुकं, आलं. मग विमानं रद्द होतात आणि सेझारिया एव्होरा विमानतळावर लोक बॅगा घेऊन ताटकळत बसतात. केप व्हर्दे म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला भर अटलांटिकमधली बेटं. सहारातून निघालेली धूळ अमेरिकेच्या वाटेवर आमच्या डोक्यावरून जाते, म्हणून तर आमचा लिडार, म्हणजे लेसरने हवेतले कण शोधणारं यंत्र, इथे आहे.

धूळ आलीये हे कळायला लेसर कशाला हवा? कपाळाला हात लावला तरी कळतं. लेसरला विचारायचं ते वेगळंच: धूळ कितव्या मजल्यावर आहे, आणि वर जे काही दिसतंय ती खरंच धूळ आहे का?

मजला काढणं सोपं. प्रकाशाचा एक ठोका वर सोडायचा आणि परत येणारा प्रकाश किती वेळाने आला ते मोजायचं. एक मायक्रोसेकंद उशीर म्हणजे १५० मीटर उंची. खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. आम्ही वर पाठवतो तो प्रकाश एकाच प्रतलात कंप पावणारा असतो. गोल थेंबावरून तो जसाच्या तसा परत येतो. धुळीचा कण मात्र वेडावाकडा, कोपरे असलेला. त्याच्यावरून येताना काही प्रकाश आडव्या प्रतलात वळतो. आडवा भागिले उभा हे गुणोत्तर सहाराच्या निखळ धुळीसाठी, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशात, ०.३ च्या आसपास येतं. धूर किंवा समुद्राचं ओलं मीठ असेल तर कसंबसं काही शतांश. एवढ्या एका आकड्यावर निम्मं काम होतं.

हिवाळ्यात इथे धूळ खालच्या दीड-दोन किलोमीटरमध्येच असते आणि तिच्या वर पश्चिम आफ्रिकेत जाळलेल्या शेतांचा, गवताचा धूर धुळीत मिसळून तरंगत असतो. उपग्रहाच्या साध्या फोटोत हे सगळं एकच मळकट फराटा दिसतं. उन्हाळ्यात उलटं. धूळ पाच-सहा किलोमीटरपर्यंत चढते, खाली दमट समुद्री हवा. आकाश पांढुरकं, पण डोंगर स्पष्ट आणि विमानं वेळेवर.

आता तक्रार. लिडारला पायाखालचं दिसत नाही. लेसरचा झोत दुर्बिणीच्या नजरेत पूर्ण यायलाच काहीशे मीटर लागतात. जवळचं बघायला वेगळी छोटी दुर्बीण जोडलेली असते, तरी तळाचे शंभरेक मीटर हातातून जातातच. शेजारच्या आजी विचारतात, “आज खिडक्या लावून घेऊ का?” या प्रश्नाला आमच्या महागड्या यंत्रापेक्षा फिल्टर लावलेला हवेचा पंप बरा. धूळ भलतीच दाट असली तर लिडारला वरचंही दिसत नाही. प्रकाश वरपर्यंत पोचतच नाही आणि पडद्यावर नुसता गोंगाट.

धूळ मोजणाऱ्या यंत्राच्या काचेवर धूळ बसते हे वेगळंच. लिडार ठेवलेल्या कंटेनरच्या छतावर क्वार्ट्‌झची काच आहे. हिवाळ्यात तिच्यावर तपकिरी थर आणि त्यात मिठाचे चट्टे. कोरडं पुसलं की वाळूच्या कणांनी ओरखडे पडलेच म्हणून समजा. लेसर बंद करायचा, फुंकणीने कण उडवायचे, डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, मग अल्कोहोल लावलेला बिनधाग्याचा कागद एकाच दिशेने फिरवायचा. नवीन मुलं गोल गोल पुसतात. मी ओरडते.

जानेवारी २०२२ मध्ये मुंबई-पुण्यातही अशी धूळ आली होती. कराचीच्या बाजूने अरबी समुद्रावरून. आईचा डोंबिवलीहून फोन आला, “अगं, गाड्यांवर पांढरं काहीतरी बसलंय. टीव्हीवर म्हणतात पाकिस्तानातून आलंय. तुला कळतं का गं ते कुठलं?”

थोडंफार कळतं. धूळ प्रकाश किती अडवते आणि किती परत पाठवते, यांचं गुणोत्तर सहारासाठी ५०-६०, तर अरबस्तान, मध्य आशियाकडच्या धुळीसाठी ४० च्या आसपास निघतं, कारण खनिजं वेगळी. पण त्यासाठी नायट्रोजनवरून येणारा अगदी क्षीण प्रकाश पकडावा लागतो, आणि तो रात्रीच नीट सापडतो. हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, “बरं. गाडी पाण्याने धुवायची ना?”

हो, आधी पाणीच.

उपग्रहांवरून खाली बघणाऱ्या लेसरांची वेगळीच कथा. कॅलिप्सो उपग्रहाने २००६ पासून २०२३ पर्यंत जगभरची धूळ उंचीसकट दाखवली. २०१८ चा एओलस मुळात वारा मोजायला पाठवलेला. त्याला आडवा प्रकाश दिसतच नव्हता, त्यामुळे नेमकी धूळ असली की त्याचा आकडा कमी भरायचा. मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरला तो दिसतो. त्याचे आणि जमिनीवरचे आकडे ताडून बघायचे, तर तो बेटाजवळून जातो तेव्हा आकाश मोकळं हवं. आणि इथले ढग, काय सांगू, नेमके त्याच वेळी जमतात.