सालोनिकाच्या गाड्या

ऑश्विट्झ, म्हणजे पोलंडमधली नाझींची मृत्युछावणी, म्हटलं की सगळ्यांना गॅस चेंबर आठवतात, मला मात्र जास्त हादरवलं ते रेल्वेच्या हिशोबाने. म्हणजे बघा, जर्मन रेल्वे ज्यूंना छावणीत पोचवायचं चक्क थर्ड क्लासचं भाडं लावायची, माणशी किलोमीटरला ४ फेनिग (जर्मन पैसे), १० वर्षांखालच्या पोरांना हाफ तिकीट, ४ खालची फुकट आणि ४०० च्या वर माणसं असली की ग्रुप डिस्काउंट!! कोंबायचे मालगाडीच्या डब्यात ते वेगळंच. ज्यूंचं तिकीट एकेरी, गार्डांचं जाऊन-येऊन.

ग्रीसमधलं सालोनिका घ्या. १४९२ मध्ये स्पेनने हाकलल्यावर कित्येक ज्यू तिथे येऊन राहिले, घरात लादिनो (जुन्या स्पॅनिशमधून आलेली ज्यूंची भाषा) बोलायचे, बंदरावर हमाल तेच, आणि शनिवार त्यांच्या धर्माप्रमाणे सुट्टीचा, त्यामुळे एके काळी शनिवारी बंदरच बंद असायचं. १५ मार्च १९४३ ला तिथून ऑश्विट्झकडे पहिली गाडी सुटली. त्याआधी लोकांकडचे ड्राक्मा (ग्रीक चलन) काढून घेतले आणि बदल्यात झ्लॉटीच्या (पोलिश चलनाच्या) पावत्या दिल्या, की तिकडे गेल्यावर वटवा आणि नवीन संसार मांडा, आणि लोकांनी त्या जपून खिशात ठेवल्या हो. किती थंड डोक्याचा हलकटपणा! ऑगस्टपर्यंत ४५ हजारांच्या आसपास माणसं नेली, बहुतेकांना उतरल्या उतरल्या गॅसमध्ये.

त्यांचं जुनं कब्रस्तान तर १९४२ च्या डिसेंबरातच फोडायला घेतलं होतं, दगड बांधकामाला गेले, आणि आता त्या जागेवर युनिव्हर्सिटी आहे.