वळणावरच्या अपघातांची वही

आमच्या गावातून राज्यमार्ग जातो. कृष्णाकाठचा ऊसपट्टा असल्यामुळे कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मार्चपर्यंत या रस्त्यावर दिवसरात्र ऊस असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, आणि मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसेल असा लाल दिवा बहुतेकांना नसतोच. जिल्हा परिषदेची शाळा रस्त्याच्या एका बाजूला आहे, निम्मं गाव दुसऱ्या बाजूला. शाळेच्या अलीकडेच वळण आहे आणि वळणासमोर माझं किराणा दुकान.

या वळणावर माणसं पडतात हे गावातल्या लहान पोरालाही माहीत होतं. तरी सरकारी कागदावर इथे जवळजवळ काहीच घडत नव्हतं. कारण सरळ आहे. मोटारसायकलवाला ट्रॉलीवर आदळतो, कुणीतरी त्याला उचलून खासगी दवाखान्यात नेतं, ट्रॅक्टरवाला चार पैसे देतो, दोन्हीकडचे जाणते मध्ये पडतात आणि प्रकरण आपसात मिटतं. हातापायावर निभावलं तर पोलिसात कोण जातं? हंगामात कुणाचीच गाडी अडकून पडायला नको असते. त्यात वाईट हेतू कुणाचा नसतो, पण पुढे या मिटवामिटवीचीच आम्हाला सगळ्यात मोठी अडचण झाली.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ऐनवेळच्या विषयात वळणाचा प्रश्न मांडला. “रस्ता बांधकाम खात्याचा हाय, आपल्या हातात काय न्हाय,” असं उत्तर आलं आणि चर्चा पाणीपट्टीकडे गेली. सभा संपल्यावर भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या ग्रामसेवकांनी, मला थांबवलं. “ताई, तोंडी बोललेलं कुठं टिकत नाही. नोटीस निघायच्या आधी लेखी अर्ज द्या, मग विषयपत्रिकेवर घेतो. आणि रस्ता कुणाचा ते अर्जातच लिहा, म्हणजे तो मुद्दा कुणी काढणार नाही.”

त्यांचं हे बोलणं मला फार उपयोगी पडलं. गावातल्या पुष्कळ तक्रारी चुकीच्या दारात पडून राहतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, गावठाणातले रस्ते ग्रामपंचायतीकडे. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर तो राज्यमार्ग. आमच्या शाळेपुढच्या दगडाचा हिरवा रंग उडाला होता, पण दिसत होता.

२ ऑक्टोबरच्या सभेत विषय रीतसर आला. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे पुढच्या तारखेला मोजक्या लोकांत ठराव झाला: शाळेजवळ गतिरोधक बसवावा. सूचक, अनुमोदक, सगळं नीट लिहिलं गेलं. ठरावाची प्रत मी स्वतः बांधकाम उपविभागात दिली आणि पोच घेतली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की, सदर ठिकाणी अपघातांची लक्षणीय नोंद आढळून येत नाही.

ते पत्र दुकानात वाचताना मला खरोखर राग आला. पण नुसता राग धरून काय होणार होतं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून मी पोलीस ठाण्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज केला: मागच्या तीन वर्षांत या ठिकाणी नोंदवलेले अपघात. ३० दिवसांच्या आत उत्तर आलं. यादीत फक्त मृत्यू होते. मोडलेले पाय, फुटलेली डोकी, सायकलसकट गटारात गेलेली पोरं, त्यातलं एकही नव्हतं. बांधकाम खात्याने खोटं लिहिलं नव्हतं. आम्हीच लिहून ठेवलं नव्हतं.

मग आमच्या बचत गटाने वही घातली. शाळेची शंभरपानी वही, दुकानाच्या गल्ल्याशेजारी. रकाने आखले: तारीख, वेळ, कोणतं वाहन, कुठून कुठे चाललं होतं, काय लागलं, दवाखान्यात नेलं का. नाव लिहायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरवलं. नाव लिहिलं असतं तर कुणी सांगायलाच आलं नसतं. मी दुकानात नसेन तेव्हा समोरच्या आक्का लिहायच्या. दूधवाले, शाळेतल्या बाई, एसटीची वाट बघणारी कॉलेजची पोरं, सगळे येऊन सांगू लागले. पोलीस पाटलांनीही त्यांना कळलेलं येऊन लिहिलं. नुसती गाडी घसरून कोपर खरचटलं तरी आम्ही लिहीत होतो.

हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा वही चाळली आणि आम्ही सगळ्याच गप्प झालो. आमची मागणी शाळेच्या वेळेसाठी गतिरोधकाची होती. वहीत मात्र शाळेच्या वेळेचे प्रसंग थोडे होते. बहुतेक नोंदी दिवेलागणीनंतरच्या, साडेसहा ते साडेआठ. आणि धावत्या ट्रॉलीपेक्षा उभ्या ट्रॉलीला धडकलेले जास्त. वळणाच्या पुढे चहाची टपरी आहे. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टरवाले तिथे ट्रॉल्या उभ्या करतात, अर्ध्या डांबरावर. समोरून प्रखर दिवे येतात, डोळे दिपतात, आणि वळण संपता संपता पुढ्यात अंधारात उभा ऊस.

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं कायद्यात आहे. आमच्याकडे ती बरीच वर्षं शिपाई घरोघर रजिस्टर फिरवून सह्या घेईल तेवढीच व्हायची. २६ जानेवारीच्या आधी आम्ही सरपंचबाईंना सांगितलं की या वेळी सभा खरोखर भरवायची, शाळेच्या पडवीत, रानातून बायका परतायच्या आत नव्हे तर परतल्यावर. शेवटी पाच वाजता भरली आणि पडवी पुरली नाही.

त्या सभेसारखी चर्चा मी गावात ऐकलेली नाही. एक सासूबाई उठून म्हणाल्या, “गतिरोधक नगं. माझी सून अवघडलेली असताना रिक्षातनं नेली, त्या पलीकडच्या गावच्या उंचवट्यावर तिचा जीव गेल्यागत झालता.” पलीकडच्या गावात पोरांनी रातोरात मुरूम-सिमेंटचा उंचवटा घातला होता आणि त्यावरून दोन गाड्या पडल्यावर खात्याने तो काढला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकीचा नवरा ट्रॅक्टर चालवतो. तिने सांगितलं की उंच गतिरोधकावर मागच्या ट्रॉलीला हिसका बसतो, पिन निसटली तर ट्रॉली सुटते. दुसरी म्हणाली, मग माझी पोरगी रस्ता ओलांडते कशी? कुणाचंच म्हणणं खोटं नव्हतं. टपरीवाल्याची बायकोही आली होती. ती म्हणाली की ट्रॉल्या थांबल्या नाहीत तर आमची चूल कशी पेटायची? माझ्या दुकानाचं हंगामातलं गिऱ्हाईकही तेच ट्रॅक्टरवाले आणि ऊसतोड टोळीतली माणसं आहेत, म्हणून तिचं बोलणं मला आतून कळत होतं.

उत्तर एका म्हाताऱ्या आजींनी दिलं. आठवडी बाजार भरतो तो बाजारतळ वळणापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आठवड्यातले सहा दिवस मोकळा असतो. तिथे मुरूम टाका, ट्रॉल्या तिथे लावा, टपरीही तिथेच जाऊ द्या.

महिला सभेच्या शिफारशी आणि वही घेऊन आम्ही ग्रामसभेला गेलो. या वेळी गणपूर्ती झाली, आणि त्यात निम्म्याहून जास्त बायका होत्या. ऑक्टोबरमध्ये एका ओळीचा ठराव होता, आता भाऊसाहेबांनी जबाबदारीप्रमाणे वेगवेगळे ठराव लिहिले. वळणावरचे दिवे आणि बाजारतळाचा मुरूम ग्रामपंचायतीकडे. वळणावर आडोसा करणाऱ्या वेड्या बाभळी तोडणं, पट्टे, फलक बांधकाम विभागाकडे. रस्त्यावर उभ्या ट्रॉल्या पोलिसांकडे. रिफ्लेक्टर कारखान्याच्या शेतकी विभागाकडे. एकत्र लिहिलं असतं तर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं असतं.

दिव्यांना वेळ लागला. ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के बंधित होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता. दिव्यांसाठी अबंधित ४० टक्क्यांतून पैसे काढायचे तर काम गावाच्या आराखड्यात हवं, आणि ते तर नव्हतं. पुन्हा मंजुरी, पुन्हा कागद. शिवाय वीजबिल कोण भरणार यावर दोन सदस्य अडून बसले होते. त्यांची काळजीही रास्त होती, कारण थकबाकीपोटी गावांचे रस्त्यावरचे दिवे तोडल्याचं सगळ्यांनी पाहिलं आहे. असलेल्याच खांबांवर एलईडी लावायचे, एवढ्यावर ते तयार झाले.

बांधकाम विभागाचे शाखा अभियंता पाहणीला आले तेव्हा मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दुकानाच्या बाकावर बसून ती शेवटपर्यंत वाचली. मग समजावून सांगितलं: इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ किलोमीटरने गेलं तर हिसका बसत नाही. पोरांनी घातलेला तो उंचवटा म्हणजे गतिरोधक नव्हेच. पण राज्यमार्गावर त्याची परवानगी वरून लागते, तोवर वळणाच्या दोन्ही बाजूंना जाड पांढरे पट्टे आणि शाळेचे फलक देतो, म्हणाले. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू झाले तर तो अपघातप्रवण ठरतो, हेही त्यांच्याकडूनच कळलं. दहा माणसं जायची वाट बघायची का, असं आक्कांनी विचारलं. ते म्हणाले, “म्हणून तर ही वही झेरॉक्स करून द्या मला.”

पट्टे मारले, फलक लागले, बाभळी तोडल्या. कारखान्याच्या चिटबॉयने, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाने, ट्रॉल्यांना मागे लाल रेडियम लावून घेतलं, काही ट्रॅक्टरवाल्यांनी कटकट केली, पण लावलं. मुरूम पडल्यावर टपरी बाजारतळावर गेली. तिचा धंदा बुडाला नाही, उलट बाजाराच्या दिवशी वाढला. माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक मात्र कमी झालं आहे आणि ते मी मान्य केलं आहे. पोलिसांची गाडी संध्याकाळी फेरी मारते, रोज नाही.

गतिरोधकाचं अजून झालेलं नाही. तालुक्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी, अर्ज झाला, समाधान झालं नाही म्हणून आता जिल्ह्याच्या लोकशाही दिनासाठी दिला आहे. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो. सोबत ठराव, पोच, उत्तराची प्रत आणि वहीची झेरॉक्स जोडली आहे. या पावसात बाभळी पुन्हा कंबरेएवढ्या आल्या आहेत. त्या मुळासकट काढाव्यात आणि दर वर्षी हंगामाआधी वळण साफ व्हावं, हा विषय २ ऑक्टोबरच्या सभेसाठी लेखी दिला आहे. महिला सभा आदल्या दिवशी पाच वाजता, शाळेच्या पडवीत.